विश्लेषण : चिमूरला फौज गेली, चौकशी मात्र गेली नाही; वरिष्ठांची जबाबदारी नेमकी कुठे सुरू होते?

वणीहून वर्धा नदी ओलांडून वरोऱ्यामार्गे पुढे गेले की चिमूर येते. १९४२च्या 'चले जाव' आंदोलनात हे गाव देशभर गाजले. दर वर्षी १६ ऑगस्टला तिथे हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, नेत्यांची भाषणे होतात. पण त्या तारखेनंतरच्या काही दिवसांत गावातल्या स्त्रियांवर जे गुदरले, त्याचा उल्लेख भाषणांत फार तर एका वाक्यात येतो. त्या स्त्रियांच्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी तेव्हाही झाली नाही आणि नंतरही झाली नाही.

गणवेशातल्या माणसाने गुन्हा केला तर दोषी तो एकटाच, की त्याला तिथे पाठवणारा अधिकारीही? जगभरच्या युद्धांच्या बातम्या वाचताना हा प्रश्न पुन:पुन्हा पडतो. त्याचे उत्तर शोधायला दूर जायची गरज नाही. विदर्भातल्याच या घटनेचा धागा थेट वणीच्या एका सुपुत्रापर्यंत येतो.

चिमूरला काय घडले?

१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेल्या या गावात मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर या किशोरवयीन मुलाचा बळी गेला. संतापलेल्या जमावाने उपविभागीय अधिकाऱ्यासह काही सरकारी नोकरांना ठार मारले. हा हिंसाचार होता, हे लपवण्याचे कारण नाही.

त्यानंतर, १९ ऑगस्टच्या सुमारास, गावात फौज दाखल झाली. त्यात गोऱ्या सैनिकांची संख्या मोठी होती. पुरुषांची धरपकड झाली. घरात उरल्या त्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. घरे लुटल्याच्या, स्त्रियांवर बलात्कार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या. नागपूरहून गेलेल्या महिला कार्यकर्त्यांनी आणि डॉ. बा. शि. मुंजे यांनी गावात जाऊन त्या ऐकल्या आणि नोंदवल्या. मुंजे काँग्रेसचे नव्हते, आंदोलनाचे समर्थकही नव्हते. त्यामुळे 'हा काँग्रेसचा प्रचार आहे' एवढे म्हणून या तक्रारी झटकून टाकणे सोपे नव्हते.

मध्य प्रांत सरकारने तरीही चौकशी नाकारली. दुसरीकडे गावकऱ्यांवर मात्र खटले चालले, अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना वाचवण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी जंग जंग पछाडले आणि १९४५मध्ये उरलेल्यांच्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. म्हणजे एकाच गावातल्या, एकाच आठवड्यातल्या घटना. जमावाच्या गुन्ह्यासाठी साक्षीपुरावे, न्यायाधीश, अपील सगळे होते. सैनिकांवरच्या आरोपांसाठी साधी चौकशी समितीही नव्हती.

अणे यांच्या दारात उपोषण कशासाठी?

लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे, कर्मभूमी यवतमाळ. १९४२मध्ये ते दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबर १९४२मध्ये त्यांच्या दिल्लीतल्या निवासस्थानी पोहोचले. अणे यांनी चिमूरला जावे, चौकशीसाठी सरकारवर दबाव आणावा, एवढी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, तेव्हा भन्साळी तिथेच उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना अटक करून सेवाग्रामला परत पाठवले. उपोषण सुरूच राहिले.

सरकारने मग उपोषणाच्या बातम्यांवर बंदी घातली. त्याच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. अखेर डॉ. ना. भा. खरे आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्या मध्यस्थीने १२ जानेवारीला, ६३ दिवसांनी, उपोषण सुटले. बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी मात्र झाली नाही.

अणे यांनी पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९४३मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. चिमूरच्या फौजेवर त्यांचा कोणताही हुकूम चालत नव्हता, हेही नोंदवायला हवे. तरीही भन्साळी त्यांच्याच दारात का बसले, हे महत्त्वाचे आहे. गोळी कोणी झाडली, घरात कोण शिरला, हे शोधणे उपोषणाने साधणार नव्हते. ज्याच्या शब्दाला वरच्या दालनात वजन आहे, त्याने माहिती मिळाल्यावर काय केले, हा त्यांचा प्रश्न होता. आजच्या युद्धविषयक कायद्यात नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे.

चिमूरला 'युद्धगुन्हा' म्हणता येईल का?

काटेकोर कायद्याच्या भाषेत, नाही. युद्धगुन्हा म्हणजे सशस्त्र संघर्षाच्या काळात युद्धाच्या नियमांचा गंभीर भंग : नागरिकांची हत्या, युद्धकैद्यांचा छळ, बलात्कार, लूट. १९४२मध्ये हे नियम प्रामुख्याने दोन राष्ट्रांमधल्या युद्धाला लागू होते. सरकारने आपल्याच प्रजेवर फौज सोडली तर आंतरराष्ट्रीय कायदा जवळपास गप्प होता. १९४९च्या जिनिव्हा करारांत पहिल्यांदा देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठीही किमान नियम आले. तरी दंगल किंवा तुरळक हिंसाचार त्यात मोडत नाही.

पण पीडित बाईच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नाही. दारात बंदूकधारी माणूस उभा आहे, घरचे पुरुष कोठडीत आहेत आणि तक्रार ज्याच्याकडे करायची तोही त्याच सरकारचा. युद्धातल्या व्याप्त गावात जी परिस्थिती असते तीच इथे होती. म्हणून 'वरिष्ठांची जबाबदारी' समजून घ्यायला चिमूर उपयोगी पडते.

हे तत्त्व आले कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जनरल तोमोयुकी यामाशिता यांच्यावर मनिलामध्ये खटला चालला. फिलिपिन्समध्ये त्यांच्या फौजेने हजारो नागरिक मारले होते. यामाशितांनी तसा हुकूम दिल्याचा थेट पुरावा नव्हता. संपर्कयंत्रणा तुटली होती, आपल्याला काही कळलेच नाही, असा त्यांचा बचाव होता. तरीही फौजेवर नियंत्रण ठेवण्याच्या कर्तव्यात कसूर केल्याबद्दल त्यांना दोषी ठरवले गेले आणि २३ फेब्रुवारी १९४६ रोजी फाशी झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाला विरोध केला होता. ज्याला माहितीच नव्हती त्याला फासावर चढवणे हा जेत्यांचा सूड ठरेल, अशी टीका आजही होते.

त्या टीकेमुळेच पुढे नियम अधिक नेमका झाला. १९७७चा जिनिव्हा करारांचा पहिला अतिरिक्त मसुदा आणि १९९८चा रोम करार यांचा मथितार्थ असा : वरिष्ठाला दोषी धरायचे तर तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. एक, गुन्हा करणाऱ्या सैनिकांवर त्याचे प्रत्यक्ष नियंत्रण होते. दोन, गुन्हा घडतो आहे किंवा घडला आहे हे त्याला माहीत होते, किंवा त्या परिस्थितीत माहीत असायलाच हवे होते. तीन, तो रोखण्यासाठी किंवा गुन्हेगारांना शिक्षा होण्यासाठी त्याने आपल्या हातातले उपाय केले नाहीत.

तिसरा मुद्दा नीट वाचायला हवा. 'रोखणे' आणि 'शिक्षा करणे' ही दोन वेगवेगळी कर्तव्ये आहेत. घटना घडली तेव्हा अधिकारी शंभर मैल दूर असेल, पण तक्रार टेबलावर आल्यानंतर तो गप्प बसला, तर तो दुसऱ्या कर्तव्यात चुकला. चिमूरच्या बाबतीत मध्य प्रांत सरकार आणि फौजेचे वरिष्ठ आजच्या कसोटीला इथेच उतरले नसते.

गुन्हा आधीच रोखता येतो का?

येतो, आणि त्यासाठी परदेशी पुस्तक उघडण्याचीही गरज नाही. १६७०च्या दशकात चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या घोडदळासाठी शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. शाळेत ते रयतेवरच्या प्रेमाचा दाखला म्हणून शिकवले जाते. लष्करी प्रशासनाच्या नजरेने वाचले तर त्यात आणखी काही दिसते. पत्र जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे, साध्या शिपायाला नाही. साठवलेले दाणागोटा-वैरण बेताने वापरा, पावसाळ्याआधीच ते संपवले तर शिपाई गावात शिरून शेतकऱ्याचे धान्य-भाजीपाला ओरबाडतील, ही त्यातली काळजी आहे. रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत बारकावा आहे. म्हणजे लूट करू नका, एवढा उपदेश करून महाराज थांबत नाहीत. लूट करण्याची वेळ कशामुळे येते, ते कारण शोधून त्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकतात.

याच्या उलट चित्रही आपल्याच इतिहासात आहे. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. चौथाई वसूल करणे हा हेतू होता. फौजेचा खर्च मुलखातूनच काढायचा असल्याने लुटीला लगाम राहिला नाही. गंगाराम या बंगाली कवीने त्या अत्याचारांवर 'महाराष्ट्र पुराण' लिहिले, आणि 'बर्गी' हा शब्द बंगालच्या अंगाईत भीतीचा शब्द म्हणून राहिला. शिपाई दोन्हीकडे मराठीच होते. फरक होता तो वरून येणाऱ्या हुकुमाचा आणि रसदीच्या व्यवस्थेचा.

अलीकडचे उदाहरण १६ मार्च १९६८चे, व्हिएतनाममधल्या माय लाय गावचे. अमेरिकी सैनिकांनी तिथे शेकडो नि:शस्त्र गावकरी मारले. व्हिएतनामच्या नोंदीनुसार मृतांचा आकडा ५०४ आहे. त्याच वेळी ह्यू थॉम्प्सन या हेलिकॉप्टर वैमानिकाने आपल्याच सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये हेलिकॉप्टर उतरवले, काहींना वाचवले आणि वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांनी प्रकरण दडपले. ते बाहेर यायला वर्षाहून अधिक काळ लागला आणि शिक्षा झाली ती एका लेफ्टनंटला. थॉम्प्सन हुद्द्याने लहान होता, पण त्या दिवशी अधिकाऱ्याचे काम त्याने केले.

या सगळ्यातून निघणारी यादी साधी आहे. मोहिमेआधी स्पष्ट, लेखी हुकूम. पुरेशी रसद आणि विश्रांती. झडती घेताना जबाबदार अधिकाऱ्याची जागेवर हजेरी, महिलांच्या झडतीसाठी महिला कर्मचारी. तक्रार करणाऱ्या सैनिकाला संरक्षण. आणि आरोप झाला की तातडीने चौकशी. यंत्रात वारंवार एकाच ठिकाणी बिघाड होत असेल तर कुशल तंत्रज्ञ दर वेळी तोच सुटा भाग बदलत बसत नाही. मूळ आराखडा तपासतो. इथेही तेच.

भारताचा कायदा काय सांगतो?

भारताने जिनिव्हा करार स्वीकारले आणि १९६०मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यानुसार करारांचा गंभीर भंग हा गुन्हा आहे. मात्र न्यायालयात तक्रार करण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यालाच आहे, पीडिताला नाही. १९७७चे अतिरिक्त मसुदे भारताने स्वीकारलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या रोम करारावरही सही केलेली नाही.

लष्कराची स्वतःची शिस्त कडक आहे. अशांत भागांत काय करावे आणि काय करू नये, याची लेखी यादी सैनिकांना दिलेली असते. 'आफ्स्पा' कायदा वैध ठरवताना १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही यादी बंधनकारक असल्याचे सांगितले. २०१६मध्ये मणिपूर प्रकरणात न्यायालयाने लष्कराला सरसकट अभय नाही, असेही स्पष्ट केले. पण याच 'आफ्स्पा'च्या कलम ६नुसार खटला भरायला केंद्राची मंजुरी लागते.

चिमूरशी थेट नाते सांगणारी तरतूद २०१३मध्ये आली. तैनात असलेल्या भागात सशस्त्र दलाच्या सदस्याने केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा ठरवण्यात आला. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४मध्ये आहे. मात्र न्या. जे. एस. वर्मा समितीने त्याच वर्षी आणखी एक शिफारस केली होती : हाताखालच्यांना असा गुन्हा करण्यापासून न रोखणाऱ्या वरिष्ठालाही शिक्षा व्हावी, आणि त्यासाठी स्वतंत्र कलम असावे. संसदेने ते स्वीकारले नाही. त्यामुळे गुन्हा करणारा सापडला तर कायदा आहे, डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी मात्र असे स्वतंत्र कलम नाही.

लष्कराची बाजू काय?

ती ऐकायलाच हवी. चकमकीत अधिकाऱ्याला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. शत्रू नागरिकांच्या वेशात असतो. खोट्या तक्रारी हे अतिरेकी संघटनांचे हत्यारही असते. प्रत्येक मोहिमेनंतर अधिकाऱ्याला न्यायालयात खेचले तर कोणीही धोका पत्करणार नाही, मनोबल खचेल. शिवाय १९७१च्या युद्धात सुमारे ९३ हजार युद्धकैदी सांभाळून परत पाठवणाऱ्या सैन्याकडे संशयाने पाहणे योग्य नाही.

हे मुद्दे खोटे नाहीत. पण ते चौकशी नको म्हणण्यासाठी पुरेसे नाहीत. वरिष्ठांच्या जबाबदारीचा नियम क्षणार्धात घेतलेल्या प्रामाणिक निर्णयाबद्दल नाहीच. माहिती मिळाल्यानंतर शांतपणे बसून काय केले, याबद्दल तो आहे. तक्रार खोटी असेल तर निष्पक्ष चौकशीतच ते सिद्ध होते, आणि त्यात सर्वांत मोठा फायदा निर्दोष सैनिकाचा असतो. चौकशी नाकारली की दोषी आणि निर्दोष दोघेही कायमचे एकाच संशयाखाली राहतात.

शिस्त लागू करणे लष्कराला जमते, याचे दाखलेही आहेत. २०१०च्या माछिल बनावट चकमकीत लष्करी न्यायालयाने कर्नल दर्जाच्या अधिकाऱ्यासह इतरांना जन्मठेप सुनावली. २०१७मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने ती स्थगित करून आरोपींना जामीन दिला. ऑस्ट्रेलियाचा अनुभवही बोलका आहे. अफगाणिस्तानात आपल्या विशेष दलाच्या सैनिकांनी ३९ जणांची बेकायदा हत्या केल्याची विश्वसनीय माहिती असल्याचा अहवाल २०२०मध्ये तिथल्या लष्करी महानिरीक्षकांच्या चौकशीने जाहीर केला. त्यानंतर २०२४मध्ये त्या काळातल्या काही अधिकाऱ्यांची पदके काढून घेण्यात आली. अहवालाचा काही भाग सरकारनेच लोकांसमोर ठेवला. त्यामुळे तिथले सैन्य मोडून पडले नाही.

मग आता काय व्हावे?

तीन गोष्टी. वर्मा समितीची वरिष्ठांच्या जबाबदारीची शिफारस संसदेने पुन्हा विचारात घ्यावी, आणि तीत 'माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते' ही कसोटी स्पष्ट शब्दांत असावी. नागरिकांवरील हत्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची चौकशी त्याच तुकडीच्या साखळीबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी आणि खटल्याच्या मंजुरीवर ठरावीक मुदतीत, कारणांसह निर्णय व्हावा. तिसरे, संवेदनशील तपशील वगळून निष्कर्ष जाहीर व्हावेत.

यवतमाळ जिल्ह्याला याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारेल. अग्निवीर भरतीसाठी पहाटे धावणारी मुले आपल्याच गावांतली आहेत. उद्या त्यांतला एखादा अशांत भागात बंदूक घेऊन उभा राहील, तेव्हा त्याला चुकीचा हुकूम नाकारायचे बळ मिळावे आणि योग्य हुकूम देणारा अधिकारी लाभावा, ही त्याच्या आईवडिलांचीही गरज आहे. बेकायदा हुकूम पाळला म्हणून शिक्षा भोगतो तो बहुतेकदा शिपाई. हुकूम देणारा किंवा काणाडोळा करणारा वेगळा राहतो. वरिष्ठांची जबाबदारी हे तत्त्व सैनिकाच्या विरोधात नाही, ते त्याच्या डोक्यावरचा बोजा योग्य खांद्यावर ठेवते.

चौकशी नाकारणे हाही फौजेपर्यंत पोहोचणारा एक संदेशच असतो. पुढच्या गावात जाणारी तुकडी तो नीट वाचते. १९४२मध्ये मध्य प्रांत सरकारने तो संदेश दिला आणि चिमूरच्या स्त्रियांचे म्हणणे कोणत्याही न्यायालयाच्या दप्तरात आले नाही. हुतात्म्यांना वाहिलेल्या फुलांइतकाच त्या न झालेल्या चौकशीचा उल्लेखही १६ ऑगस्टच्या कार्यक्रमात व्हायला हवा.